डाव्या बाजूची चाकं

गाडीवरचं कव्हर उलटं होतं. शिवण बाहेर, गुळगुळीत बाजू आत.

डबा, पर्स आणि लॅबचा कोट सावरत मी पार्किंगमध्ये उतरले होते, कामाला निघायची घाई होती, तरी ते मला दिसलंच. माझा नवरा निनाद त्या कव्हरला लेकरासारखं जपायचा. आरशांचे कप्पे आरशांवर, पुढचं टोक पुढे, खालची नाडी बरोबर मधोमध. त्यानं ते उलटं घातलं असेल हे शक्यच नव्हतं. मी डबा खाली ठेवला आणि एक कोपरा उचलला. पुढच्या डाव्या चाकाची कड आत चेपली होती, पत्र्याचं भांडं पडल्यावर चेपतं तशी. मागच्याचीही तीच गत.

आमच्याकडे तेव्हा दोन गाड्या होत्या. एक साधी, चार दारांची, मी रोज दिंडोरीला न्यायची ती. दुसरी ही. लाल, दोनच सीटची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. पिंपळगावच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलानं हौसेनं घेतलेली आणि लग्न झाल्यावर त्याच्या बायकोनं विकायला लावलेली. निनादनं ती घेतली तेव्हा मी एकच अट घातली होती, आमच्या लेकीला, मैतूला, त्या गाडीत कधीही बसवायचं नाही. मागे सीट नाही, म्हणजे मूल पुढे मांडीवर घेऊन बसावं लागणार. निनादनं बोनेटवरच्या नारळाला हात लावून कबूल केलं होतं.

मी त्याला फोन करून खाली बोलावलं. तो टॉवेल खांद्यावर टाकून आला, चाकांकडे त्यानं नीट पाहिलंसुद्धा नाही.

"काल सकाळी सातपूरकडे गेलो होतो जरा. खड्डा होता मोठा."

"कधी गेलास? मी निघाले तेव्हा तू झोपला होतास."

"तू गेल्यावर. होतं गं, चाकच आहे. पगारेकडे देऊ, सरळ करून देतो तो."

दाराला कोणाच्या तरी पर्सची चेन घासली म्हणून दोन आठवडे सुतकात असलेला हा माणूस, दोन चाकं वाकली तरी महापालिकेला एक शिवी न देता 'होतं गं' म्हणाला. मी डबा उचलून निघाले. दिंडोरीपर्यंतच्या रस्त्यात मात्र तेच घोळत राहिलं.

डोक्यात हे असं घोळत राहण्याला कारण होतं. बेदाण्यांची आणि भाज्यांची तपासणी करणाऱ्या एका लॅबमध्ये मी नुकतीच लागले होते, मैतू झाल्यानंतर पहिल्यांदाच. प्रोबेशन संपत आलं होतं आणि कायम व्हायचं की नाही, हे मला सोमवारी कळवायचं होतं. मैतू अजून तीनची नव्हती. दिवसभर ती सासूबाईंजवळ आणि कामाला येणाऱ्या कौतिकमावशींजवळ असायची. घरात काय चाललंय यावर माझा विश्वास असला तरच मला 'हो' म्हणता येणार होतं. आणि त्या आठवड्यात नेमका तोच विश्वास डळमळला होता.

आदल्या दिवशी अंघोळ घालताना मैतूच्या उजव्या हातावर, पंजाच्या मागे, एक निळसर डाग दिसला होता. आईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं तर म्हणाल्या, खेळताना कशावर तरी आपटली असेल. कौतिकमावशींना विचारलं तर म्हणाल्या, मच्छर. दोघींनी दोन उत्तरं दिली आणि मग एकमेकींकडे पाहिलं. शिवाय मंगळवारी दुपारी आईंचे दोन मिस्ड कॉल होते. लॅबमध्ये फोन लॉकरला ठेवावा लागतो, बाहेर आल्यावर मी लगेच उलट फोन केला, तर त्या म्हणाल्या, चुकून लागला असेल. संध्याकाळी घरी आले तेव्हा मैतू झोपली होती. दुपारपासून अंग जरा कोमट आहे, औषध दिलंय, एवढंच मला सांगितलं गेलं. निनाद त्या दिवशी पुण्याला होता, रात्री परतला.

सगळं जोडून पाहिलं की एकच चित्र तयार व्हायचं. बुधवारी मी गेल्यावर निनादनं मैतूला घेऊन गाडी काढली, कुठेतरी आपटवली, मैतूला लागलं आणि आता सगळे मिळून झाकतायत.

संध्याकाळी तो चाकं काढायला बसला. नट सैल करताना चाक फिरू नये म्हणून मला म्हणाला, जरा आत बसून ब्रेक दाबून धर. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि माझे गुडघे स्टेअरिंगवर आपटले.

सीट पार पुढे ओढलेली होती. निनाद सहा फूट उंच. तो त्या सीटवर बसला असता तर घडी घालूनच बसावं लागलं असतं. मी काही बुटकी नाही, पण मलाही अवघडलं. आरसाही खाली कललेला होता. म्हणजे ही गाडी शेवटची ज्यानं चालवली तो निनाद नव्हता. ती कोणीतरी ठेंगणी बाई होती. बाईच, हे मी का ठरवलं ते सांगता येणार नाही, पण ठरवलं खरं.

"दाबलास का ब्रेक?" निनाद खालून ओरडला.

"दाबलाय."

ब्रेक दाबून धरलेला असतानाच मी वाकून शेजारच्या सीटखाली हात घातला. हाताला काहीतरी ओलसर, थंड लागलं. बाहेर काढलं तर कांदा. अर्धा, सुरीनं कापलेला नव्हे, फोडलेला. पाकळ्या चेंगरलेल्या, कडेनं सुकत आलेल्या.

आता आमच्याकडे असा कांदा कुठे खातात हे कोणालाही विचारा. हायवेवरच्या ढाब्यावर, शेवभाजी आणि भाकरीबरोबर, मुठीनं फोडून. घरी निनादला कांद्याचा वाससुद्धा चालायचा नाही. ढाब्यावरून कांदा घेऊन गाडीत बसून खाणारी, सीट पुढे ओढून गाडी चालवणारी, निनादनं जिच्या हातात या गाडीची किल्ली दिली अशी एक बाई माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तिला मी हिरवा कुर्तासुद्धा घातला. आणि ती आणि निनाद मजा करत असताना माझी मुलगी यांच्यात कुठे बसली होती?

मी कांदा रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला. दोन्ही चाकं माझ्याच गाडीच्या डिकीत ठेवली गेली, कारण लाल गाडी आता विटांवर होती. शनिवारी मी नेऊन देतो, निनाद म्हणाला, तू त्यात पडू नकोस. हे 'तू पडू नकोस' त्यानं दोनदा म्हटलं.

म्हणून शुक्रवारी मी लॅबमधून लवकर निघाले आणि थेट द्वारका चौकाजवळ पगारेंच्या दुकानात गेले.

पगारे हे सडपातळ, सतत चहा पिणारे गृहस्थ. वाकलेली अलॉय व्हील्स ते गॅसवर तापवून, जॅकनं दाबून सरळ करत. मला पाहून ते चपापले. साहेब उद्या स्वतः येणार होते, म्हणाले, वहिनींना कशाला त्रास. मग नाइलाज झाल्यासारखं त्यांनी पुढचं चाक मशीनवर चढवलं आणि फिरवलं. चाक लचकत मुरडत फिरू लागलं. मी मात्र कडेकडे पाहत होते. चेपलेल्या जागी, धातूच्या खरवडीत, पिवळा रंग बसला होता. त्याच्या शेजारी काळा. मागच्या चाकावरही तसेच पट्टे.

"पगारेदादा, खड्ड्याला रंग असतो का हो?"

"खड्डे रंगवायला लागले तर आमचा धंदाच बसेल, वहिनी."

"मग हा पिवळा कुठला?"

त्यांनी चहाचा ग्लास उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला. "मला साहेबांच्या घरात घेऊ नका. त्यांचा फोन आला होता, वहिनी विचारतील तर खड्डा म्हणा. मी म्हटलं बरं. आमच्याकडे पोरं रेस लावून चाकं वाकवतात आणि बापाला खड्डा सांगतात. आम्ही कुणाच्या बापाला काही सांगत नाही."

म्हणजे पगारेसुद्धा त्यांच्यात होते.

पिवळा-काळा म्हणजे फूटपाथच्या कडेचे दगड. चाकं डावीकडची, म्हणजे गाडी चालताना डाव्या कडेला चढली होती, पुढचं आणि मागचं लागोपाठ. आणि त्या गाडीचा बंपर इतका खाली होता की दगडावर लाल रंग राहिलाच असणार. मी गाडी सुरू केली आणि रस्त्याच्या डाव्या कडेनं, रांगत म्हणावं इतक्या सावकाश, घराच्या दिशेनं निघाले. मागचे हॉर्न वाजवत होते. एका रिक्षावाल्यानं शेजारी येऊन, काही हरवलंय का मॅडम, असं अगदी आपुलकीनं विचारलं. मी हो म्हटलं.

गंगापूर रोडवर, आमचं घर मागे टाकून थोडं पुढे गेलं की एक डावं वळण आहे. त्या वळणाच्या तोंडाशी मला ते सापडलं. दोन दगड उखडलेले, तिसऱ्यावर हातभर लांब लाल फराटा.

मी उतरून त्याला बोट लावलं. मग त्या गल्लीत कुठे जायचं असतं, हे माझ्या लक्षात आलं. ढाबा नव्हता तिथे, हॉटेल नव्हतं. त्या गल्लीत डॉक्टर बिरारींचा मुलांचा दवाखाना होता. मैतूची सगळी इंजेक्शनं तिथेच झाली होती.

मी पायऱ्या चढले. काउंटरवरच्या मुलीनं मान वर केली आणि ओळखून हसली.

"मैत्रेयीला उद्या दाखवायला आणायचंय ना मॅडम? आज आलात. तिला नाही आणलं?"

"उद्या आणायचंय," मी म्हटलं. "डॉक्टरांशी जरा बोलायचं होतं."

डॉक्टर बिरारींनी आधी मला बसायला सांगितलं, मग पाणी. मला काहीच माहीत नाही हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मंगळवारी दुपारी मैतूचा ताप एकदम चढला होता आणि तिला झटके आले होते. डोळे वर, दातखीळ, हातपाय ताठ. तापातले झटके, ते म्हणाले, या वयात काही मुलांना येतात, बहुतेकांचं पुढे काही बिघडत नाही. दवाखान्यात आणेपर्यंत थांबलेही होते. सलाईन लावून संध्याकाळपर्यंत ठेवली, मग घरी पाठवली. हातावरचा डाग त्याच सुईचा.

"पुन्हा येऊ शकतात?"

"ताप आला तर येऊ शकतात. म्हणूनच नाकात मारायचा स्प्रे लिहून दिलाय, तो घरात समोर ठेवा. मुलीला कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. चप्पल हुंगवायची नाही, कांदा नाही." ते जरा हसले. "आजी कांदा घेऊनच आत शिरल्या होत्या. तुमच्या मिस्टरांना मी फोनवर म्हटलं होतं, मुलीच्या आईला आजच्या आज सांगा."

त्या क्षणी मला निनादच्या त्या हिरव्या कुर्त्यातल्या बाईचं काय झालं तेही कळलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर एवढंच होतं की मंगळवारपासून मी रोज मैतूजवळ झोपत होते आणि तो स्प्रे या घरात कुठे आहे ते मला माहीत नव्हतं.

घरी पोचले तेव्हा मैतू गॅलरीत डब्यांची झाकणं मांडून दुकान करत होती. आई तिच्याजवळ खुर्चीत, कौतिकमावशी भाजी निवडत. मी पर्समधल्या रुमालाची गाठ सोडली आणि कांदा टीपॉयवर ठेवला.

कौतिकमावशींच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "मी बाईंना म्हणत होते," त्या पुटपुटल्या, "ताईला सांगून टाका. पोटच्या पोरीचं असं लपवू नाही."

"स्प्रे कुठे आहे?" मी विचारलं.

आईंनी उठून देवघराच्या खणातून तो आणून दिला. मी तो मुठीत धरून ठेवला. मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत. मैतूचं अंग ताठ झालं तेव्हा त्यांनी मला दोनदा फोन लावला. निनाद पुण्यात. कौतिकमावशी फाटकापर्यंत धावत जाऊन आल्या, रिक्षा नाही. माझी गाडी दिंडोरीत. उरली ती लाल. किल्ली खुंटीवर होती. आई लग्नाआधी वडिलांची जीप चालवायच्या, ते मला ऐकून माहीत होतं, पण इतक्या वर्षांत मी त्यांना स्टेअरिंगला हात लावताना पाहिलं नव्हतं. मैतूला मांडीवर घेऊन कौतिकमावशी शेजारी बसल्या, आईंनी सीट पुढे ओढली आणि गाडी काढली.

"आणि कांदा?"

"जन्मभर वर्गात मुलांना शिकवलं की झटक्यांना कांदा हुंगवणं हा अडाणीपणा आहे. परीक्षेला प्रश्न काढायचे मी त्यावर," आई म्हणाल्या. "आणि कौतिक कांदा म्हणाली तर तो ओट्यावर आपटून मीच फोडला."

कव्हरही दोघींनीच घातलं होतं, परत आल्यावर, घाईघाईनं. निनाद रात्री आला तेव्हा त्यालाही गळ घातली. त्यानं खड्डा शोधून काढला.

"का पण? मला का नाही सांगितलं?"

"सोमवारी तुला कळवायचंय. हे कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून घरी बसली असतीस. इतकी शिकलीस, मैतूसाठी घरात अडकलीस, आता कुठे पुन्हा उभी राहतेयस."

खरं होतं ते. मी बसलेच असते. पण त्यांच्या आवाजात काहीतरी पाठ केल्यासारखं होतं आणि त्या आठवड्यात मी इतकं ऐकलं होतं की पाठ केलेलं मला लगेच कळत होतं.

"आई, हे झालं माझ्यासाठीचं. तुमचं सांगा."

 मैतूनं त्यांना एक झाकण आणून दिलं, पैसे मागितले, त्यांनी हवेतले पैसे दिले.

"मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही फारसं," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू आहे. दिवाळीतच डॉक्टर म्हणाले होते ऑपरेशन करा. म्हटलं, तू नुकती लागलीस, मी पडून राहिले तर हिला कोण बघणार. वळणावर दगड दिसलेच नाहीत मला, केतकी. गाडी चढली, उडाली, उतरली. हिचं डोकं दारावर आपटलं असतं. कौतिकनं धरलं म्हणून." त्यांनी पदर सारखा केला. "तुला झटके सांगितले असते तर गाडी सांगावी लागली असती. गाडी सांगितली असती तर डोळा. आणि मग तू हिला माझ्याजवळ ठेवली नसतीस. ठेवू नयेच खरं तर."

मी रागावले होते, अजूनही त्यातला थोडा राग माझ्याकडे आहे. त्या मला ओरडून बोलू देत बसल्या होत्या आणि मी बोलले. रोज माझ्या शेजारी ती झोपत होती, मी म्हटलं, आणि काय करायचं ते एकट्या मला ठाऊक नव्हतं. तुम्ही मला नोकरीसाठी वाचवत होतात की मला माझ्याच मुलीपासून लांब ठेवत होतात. कौतिकमावशी मध्ये म्हणाल्या, बाईंनी त्या दिवसापासून नीट जेवण घेतलं नाही. मी त्यांना गप्प राहायला सांगितलं. मग मीच गप्प झाले, कारण पुढे बोलायचं ते मला ठरवायचं होतं.

निनाद आला. टीपॉयवरचा कांदा आणि माझ्या हातातला स्प्रे पाहून बूट न काढताच दारात उभा राहिला.

"पगारेनं सांगितलं?"

"पगारेदादांनी कुणाच्याच बापाला काही सांगितलं नाही," मी म्हटलं. ठेंगण्या बाईचं मी त्याला कधीच सांगितलं नाही, तो जन्मभर हसला असता.

मी ठरवलं ते सरळ होतं. सोमवारी मी हो म्हणणार, पण लगेच रजा घेणार, आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत. लॅबचा लँडलाइन नंबर फोनजवळ भिंतीवर लावायचा, मला बाहेर बोलावून घ्यायचं, मग मी काय करत असेन ते असो. या घरात मैतूबद्दलची कुठलीही गोष्ट माझ्यापासून लपवायची नाही, चांगल्या हेतूनं तर मुळीच नाही. आणि लाल गाडी विकायची. निनादनं शेवटच्या अटीवर तोंड उघडलं आणि आईंकडे बघून मिटलं.

"पण आधी," मी म्हटलं, "मला दाखवा. डॉक्टरांनी काय करायला सांगितलंय ते. सगळ्यांनी, माझ्यासमोर."

चटई घातली. मैतूला वाटलं नवा खेळ आहे. ती झोपली, डोळे मिटून, ओठ दाबून. कौतिकमावशींनी तिला कुशीवर वळवलं, मान जरा मागे, डोक्याखाली घडी केलेली ओढणी. मग निनादनं. मग मी. मैतू प्रत्येक वेळी हसून उठायची आणि परत आडवी व्हायची. एकदा मात्र तिनं इतकं छान केलं की ती हललीच नाही. आम्ही चौघं तिच्याकडे बघत राहिलो.  तिनं एक डोळा उघडला.

"आता आजीची पाळी."

"आजीला कुठे ताप आहे?" निनाद म्हणाला.

"आहे," मैतू म्हणाली. "आजी, झोप."

आई माझ्याकडे पाहू लागल्या. मी चटईवर सरकून जागा केली. त्या खाली बसल्या, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि पाठीवर आडव्या झाल्या. मैतूनं त्यांचे डोळे आपल्या छोट्या तळव्यांनी मिटवले आणि मला हुकूम सोडला, आई, तू कर.

मी एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली आणि त्यांना सावकाश माझ्याकडे वळवलं. त्या किती हलक्या होत्या. त्यांनी अंग मुळीच ताठ केलं नाही, सगळा भार माझ्या हातावर टाकून दिला आणि डोळे उघडले नाहीत.